टरफलातले सोले

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. भाच्याला नाही, डॉक्टरांना नाही, शाळेतल्या जुन्या मैत्रिणींना नाही — आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. ती आत्ता भिंतीपलीकडे पलंगावर आहे. कामाला येणारी रंजना तिला पेज भरवते आहे, चमचा वाटीला लागल्याचा आवाज येतो आहे. मी पुढच्या खोलीत वही घेऊन बसले आहे आणि तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. कारणही भित्रंच निघालं, बघा.

चित्रापासून सुरू करते. चित्राबद्दल बोलणं मला सोपं जातं. तीस वर्षं नागपुरातल्या एका शाळेत मी चित्रकला शिकवली. सफरचंदाला सावली कुठे द्यायची हे मी झोपेतही सांगू शकते.

चित्र तैलरंगातलं आहे, कपाटाच्या आरशाएवढं. प्रताप नगरच्या आमच्या घराचं मागचं अंगण, हिवाळ्यातली सकाळ. एक म्हातारी होत आलेली बाई चटईवर बसून तुरीच्या शेंगा सोलते आहे. आमच्याकडे थंडीत तुरीच्या ओल्या शेंगा येतात, त्यांतून निघालेल्या हिरव्या दाण्यांना आम्ही सोले म्हणतो. वांग्यात घालतो, भातात घालतो, आणि दोन महिने घरोघरी बायकांच्या मांडीवर हेच काम असतं. तर ती बाई शेंगा सोलते आहे. तिच्या उजवीकडे वाटी, पुढ्यात वर्तमानपत्रावर टरफलांचा ढीग, मान खाली, पाठीवर ऊन. इम्प्रेशनिस्ट धाटणीचं काम आहे — रेघ कुठेच नाही, नुसते रंगाचे तुकडे. जवळ गेलात तर चिखल दिसेल, चार पावलं मागे आलात की ऊन दिसेल. मी त्याला नाव दिलं होतं — तल्लीन.

माझ्या आयुष्यातलं हे एकमेव चांगलं चित्र आहे. खोटा विनय नाही हा. बाकीची मी काढली, पण ती चित्रं म्हणजे बाईंची चित्रं होती, नीटनेटकी. हे एकच जिवंत निघालं. प्रदर्शनात त्याला पहिलं बक्षीस मिळालं, पेपरात फोटो आला. एका जाणकार गृहस्थांनी माईकवरून सांगितलं की त्या उजव्या हाताकडे बघा, वाटीतल्या सोल्यांवर कसा सैल टेकला आहे, काम करणाऱ्या हाताची विश्रांती इतकी खरी क्वचित दिसते. दुसरे म्हणाले, टरफलांच्या ढिगात हे जे हिरवे ठिपके ठेवलेत ना, ते धाडस आहे. मी मान खाली घालून ऐकत होते. लोकांना वाटलं, बाई किती साध्या.

चित्रातली बाई म्हणजे माझी ताई. सुमनताई. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. मी नऊ वर्षांची असताना आई गेली आणि ताईने माझ्या वेण्या घालायला घेतल्या — तेव्हा ती स्वतःच सतराची. माझी पहिली रंगपेटी तिनेच घेतली, सीताबर्डीच्या एका दुकानातून, आणि परत येताना बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला सांगितलं की ही माझी बहीण, मोठी चित्रकार होणार आहे. मी लाजेने खिडकीबाहेर बघत होते. पुढे ती टेलिफोन खात्यात ऑपरेटर झाली, लग्न झालं, मुलगा झाला, नवरा गेला, मुलगा पुण्याला गेला — आणि मग ती माझ्याकडे राहायला आली, किंवा मी तिच्याकडे. आम्ही दोघींनी त्याचा कधी निकाल लावला नाही.

ताईचं एकच होतं — तिला गप्प बसता येत नसे. नोकरीत बोलली, घरात बोलली, दूधवाल्याशी बोलली, कुंडीतल्या तुळशीशीसुद्धा बोलली. आणि हात सतत चालू. मी चाळीस वर्षं तिचं चित्र काढायला बघत होते. खोटं वाटेल, पण माझ्याकडे तिची दोनेकशे अर्धवट स्केचेस आहेत. नाक आहे तर डोळे नाहीत. "मले काय पाहून राहिली वं टुकूटुकू," ती म्हणायची, "जा, कणीक भिजव." आणि उठून जायची. मी कितीदा रागावले असेन तिच्यावर. मी म्हणायचे, "ताई, दोन मिनिटं हलू नको न." ती म्हणायची, "मी काय दगड आहो?" मग मी वही मिटायचे आणि म्हणायचे, "झालं." ते 'झालं' म्हणजे मी हरले, असा आमच्यात अर्थ होता. ती हसायची.

त्या दिवशी ती हलली नाही. त्या दिवशी ती बोलली नाही. आता तुम्हाला काही दिसायला लागलं असेल. थांबा — माझ्याच तोंडून येऊ द्या.

आधी जे खोटं बोलले ते सांगते, ते लहान आहे.

तीन हिवाळ्यांपूर्वीचा रविवार. शेजारच्यांच्या गाडीतून मी ताईला दवाखान्यात नेलं तेव्हा अकरा वाजून गेले होते. तिचं उजवं अंग गेलं होतं, तोंडातून शब्द फुटत नव्हता. तरुण डॉक्टर होते, हातात कागद. त्यांनी मला एकच गोष्ट तीनदा विचारली — हे सुरू कधी झालं? नक्की वेळ सांगा. शेवटचं त्या ठीक आहेत असं तुम्ही कधी पाहिलं? मी म्हटलं, "आत्ताच. साडेदहाला. उठायला गेली अन् पडली." त्यांनी लिहून घेतलं. साडेदहा. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हाही मी साडेदहाच सांगितलं, आणि आवाज हलला नाही माझा.

साडेदहाला सुरू झालं नव्हतं. सव्वानऊला झालं होतं.

इंजेक्शन दिलं, जे करायचं ते सगळं केलं. चार दिवसांनी तेच डॉक्टर भाच्याला म्हणाले की इतक्या लवकर आणूनही मेंदूचं एवढं नुकसान कसं झालं, जरा नवल आहे. भाचा — सिद्धार्थ — पुण्याहून रात्रभर प्रवास करून आला होता. तो दवाखान्याच्या व्हरांड्यात माझ्या पाया पडला. "मावशी, तू घरी होतीस म्हणून मम्मी वाचली," म्हणाला. मी त्याला उठवलं, जवळ घेतलं. त्याच्या पाठीवरून हात फिरवताना माझ्या नखांत हिरवा रंग होता.

का सांगितलं मी साडेदहा? कारण सव्वानऊ सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता — मग सव्वा तास तुम्ही काय करत होता?

चित्र काढत होते.

आमच्या अंगणात थंडीत ऊन नऊला येतं. साडेदहाला शेजारच्या तीन मजली घराची सावली येते आणि सगळं विझतं. तेवढाच वेळ मला मिळायचा. मी निवृत्त व्हायला वर्ष राहिलं होतं, आणि प्रदर्शनाला पाठवायला माझ्याकडे काही नव्हतं. ताईने सकाळची वंदना म्हटली, मोठ्याने, नेहमीसारखी गल्लीला ऐकू जाईल अशी, आणि शेंगांची पिशवी घेऊन चटईवर बसली. मी ईझल मांडलं. ती बोलत होती. तिच्या मैत्रिणीच्या नातीचं लग्न, साडी कोण कोणती नेसली, जेवणात काय काय होतं. मी हं हं करत पाठीवरचं ऊन लावत होते. "अन् मंग तिनं कुंदे —" ताई म्हणाली, आणि थांबली.

वाक्य अर्धंच राहिलं. कुंदा म्हणजे मी. माझं नाव घेऊन थांबली ती.

मला काय वाटलं सांगू? मला बरं वाटलं. मला वाटलं, सुटले बुवा, गप्प बसली एकदाची.

मग पाच-सात मिनिटांनी मी पाहिलं की सोले वाटीत जात नाहीयेत. डावा हात शेंग दाबायचा, दाणे टरफलांतच पडायचे. उजवा हात वाटीत पडला होता, पालथा, सोल्यांवर. ताई माझी — जिने उभ्या आयुष्यात एक दाणा वाया घालवला नाही, जी टरफलांत गेलेला सोला मला ओरडून उचलायला लावायची. मी विचारलं, "ताई, सोले कुठं टाकून राहिली वं?" तिने वर पाहिलं. आणि हसली. अर्धी. डावीकडूनच हसली. उजवा ओठ खाली राहिला.

मला कळलं नाही, असं म्हणता येईल. कुणीही मानेल. चित्रकलेच्या बाईंना काय कळणार त्यातलं? पण शाळेत आरोग्याचं शिबिर झालं होतं, आणि त्याचे फलक मीच रंगवले होते. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं बंद — ताबडतोब दवाखाना. लाल अक्षरांत. ते वाकडं तोंड मी स्वतःच्या हाताने काढलं होतं, मुलींना नीट दिसावं म्हणून जरा जास्तच वाकडं. मला कळलं होतं. पहिल्या क्षणी कळलं होतं, आणि मी ब्रश खाली ठेवला नाही.

मी स्वतःला म्हटलं, ऊन डोळ्यांवर आलं असेल. म्हटलं, हाताला मुंग्या आल्या असतील थंडीने. म्हटलं, एवढी मान संपवते. आणि हे म्हणताना मी पॅलेटवर हिरवा कालवत होते — टरफलांतल्या त्या सोल्यांसाठी. फार सुंदर दिसत होते ते. तपकिरी-जांभळट टरफलांत हिरवे, ओले. मी एकेक ठिपका ठेवला. बक्षीस मिळालं ते त्याच ठिपक्यांना.

अजून मुख्य राहिलंच आहे. मी फिरते आहे त्याच्याभोवती, मला कळतं आहे.

ताई माझ्याकडे बघत होती. ते सोले, तो हात, सगळं एकीकडे — ती माझ्याकडे बघत होती. मान वर करून, टक लावून. शब्द नव्हते तिच्याकडे, पण डोळे होते ना. तसे डोळे मी तिचे कधी पाहिले नव्हते. आई गेली तेव्हासुद्धा नाही. काय मागत होती ती? तुम्हाला कळतं, मलाही कळत होतं. आणि माझ्या चित्रात मान खाली होती. मान वर झाली की गालावरचं ऊन बिघडत होतं. तेव्हा मी म्हटलं —

"ताई, मान खाली ठेव न वं. दोन मिनिटं. हलू नको."

आणि तिने मान खाली घातली. आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलं तिने. मी तिला तिथे बसवून ठेवलं, दोन मिनिटं नव्हे, पाऊण तासाहून जास्त वेळ, आणि काढत राहिले. माझा हात असा कधीच चालला नव्हता. मी आनंदात होते. खरं तेच — मी आनंदात होते.

सावली आली. मी म्हटलं, "झालं, ताई." ती उठायला गेली आणि उजव्या अंगावर कलंडली. वाटी उपडी झाली. तेव्हा मी किंचाळले, शेजारी धावत आले. सगळ्यांनी माझी किंकाळी ऐकली आहे. ती खरी होती, एवढंच की सव्वा तास उशिरा आली.

ताई वाचली. उजवा हात आला नाही. बोलणं आलं नाही. एक शब्द राहिला — 'हो'. भूक लागली का? हो. नाही लागली का? हो. दुखतं का? हो. सगळ्याला हो. सकाळची वंदना आता मी म्हणते. ती हात जोडायला जाते आणि एकच हात वर येतो. तिला विचारायची मला हजारदा इच्छा झाली की ताई, तुला आठवतं का गं? पण ती काय म्हणेल ते मला माहीत आहे. आणि त्या 'हो'मागे काही आहे की नाही, हे मला जन्मभर कळणार नाही. म्हणून विचारलं नाही. म्हणून म्हणजे — तेही एक निमित्तच.

चित्र बक्षीस घेऊन परत आलं, तेव्हा सिद्धार्थने ते तिच्या पलंगासमोर लावलं. मी म्हटलं, पुढच्या खोलीत लाव, इथे उन्हाने रंग उडेल. तो म्हणाला, "मावशी, मम्मी ठीक होती तेव्हाचं शेवटचं चित्र आहे ते. तिला दिसू दे." तेव्हापासून ताई डोळे उघडते ती त्या चित्रासमोर. पाहुणे येतात, म्हणतात, किती तल्लीन. ताई म्हणते, हो.

एवढ्या लोकांनी ते चित्र पाहिलं, पण खरं पाहिलं ते रंजनाने. ती वाडीहून येते, ताईचं सगळं तीच करते. यंदा थंडी सुरू झाली तेव्हा एक दिवस चादर बदलता बदलता ती चित्रासमोर थांबली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाई, हे काढताना चुकलं वाटते तुमचं. सोले तं सारे टरफलात पडून राहिले. अन् हात नुस्ता वाटीत. असं कोण सोलते?" मी म्हटलं, "अगं, हिरवा रंग पाहिजे होता तिथं, म्हणून टाकले." रंजना म्हणाली, "असंन बा," आणि कामाला लागली. मी ताईकडे पाहिलं. ती चित्राकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

आता परवाचं सांगते आणि संपवते.

व्यायाम शिकवायला येणारे म्हणाले होते, डाव्या हाताला बारीक काम द्या. रंजनाने बाजारातून तुरीच्या शेंगा आणल्या. ताईला चाकाच्या खुर्चीत बसवून अंगणात आणलं, खुर्चीच्या फळीवर वाटी ठेवली, पेपर पसरला, आणि ती चहा ठेवायला आत गेली. मी समोर स्टुलावर बसले. सव्वादहा वाजून गेले असतील. ऊन होतं.

ताईने शेंग फळीच्या कडेवर दाबली, अंगठ्याने फोडली. सोले उचलून वाटीत टाकले. टरफल पेपरवर. दुसरी शेंग, तिसरी, चौथी. सोले वाटीत, टरफल पेपरवर. एकदाही चुकली नाही. मला वाटलं, उठून टाळ्या वाजवाव्या. मग ती थांबली. डाव्या हाताने तिने आपला उजवा हात मनगटाला धरून उचलला, आणि वाटीत ठेवला. पालथा, सोल्यांवर. पुढची शेंग फोडली. सोले उचलले. माझ्याकडे बघत तिने ते टरफलांत टाकले — एक, दोन, तीन.

आणि मान खाली घातली.

ती हलली नाही. दोन मिनिटं झाली, पाच झाली, ती हलली नाही. अगदी तशी. गालावर ऊनही तसंच. माझ्या हातात ब्रश नव्हता, काहीच नव्हतं. ती कशाची वाट बघते आहे ते मला कळत होतं. एक शब्द हवा होता तिला, तो शब्द मीच म्हणायचे नेहमी. झालं, ताई. किंवा दुसरा कुठला, त्याच्याहून कठीण. शेजारच्या घराची सावली अंगणातून सरकत तिच्या पायांवर आली, मग मांडीवर, मग त्या हातावर. मी बघत बसले. मी बोलले नाही.

रंजना चहा घेऊन आली, आणि तिनेच ताईची हनुवटी धरून मान वर केली.